लडाखच्या तंबूंतील बुखारी

कळसूबाईचें शिखर एकावर एक असें दोनदां रचलें, तरी लडाखांतील लेह शहराच्या बाजारपेठेची उंची त्यास गांठतां यावयाची नाहीं. लेह समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथें हवेचा दाब आपल्या कोंकणपट्टीच्या मानानें दोनतृतीयांशच भरतो, आणि पाऊस वर्षाकाठीं सुमारें चार इंच पडतो. उन्हांत बसावें तर पाठ भाजते व सावलींत पाय ठेवावा तर तो गारठतो. अशा देशीं अग्नीचें मोल काय असतें, हें आपल्या प्रांतांत राहून नीटसें ध्यानांत येत नाहीं. गेल्या वर्षीं कोजागरीच्या सुमारास आमचें तिकडे जाणें झालें. त्या प्रवासांत अग्नीविषयीं जी एक गोष्ट कळली, ती आपल्याकडील प्रत्येक घराच्या उपयोगाची आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

लेह येथें तीन दिवस विसावा घेऊन, शरीर विरळ हवेस सरावल्यावर, आम्ही, आमचें कुटुंब व पुतण्या असे तिघेजण खारदुंग खिंडींतून नुब्रा खोऱ्यांत उतरलों. ही खिंड सुमारें साडेसतरा हजार फुटांवर आहे. खालीं श्योक नदीचें विस्तीर्ण पात्र, दोहों बाजूंस उघडेबोडके डोंगर, मध्येंच वाळूच्या टेकड्या, व त्यांवरून फिरणारे दोन वशिंडांचे उंट. पूर्वीं यारकंदशीं चालणाऱ्या व्यापाराच्या तांड्यांबरोबर हे उंट इकडे आले. पुढें तांडे बंद पडले, उंट मात्र राहिले. हुंदर गांवीं जर्दाळूच्या बागेंत एका वृद्ध लडाखी गृहस्थांनीं पांचसहा तंबू उभारले होते, त्यांपैकीं एकांत आमचा मुक्काम पडला. लडाखी भाषेंत आजोबांस 'मेमे' म्हणतात व आदरार्थीं पुढें 'ले' लावितात. म्हणून आम्हीहि त्यांस 'मेमे-ले' म्हणूं लागलों. ते आम्हांस 'मास्टरजी' म्हणत.

तंबू दुहेरी जाड कापडाचा होता. आंत, दाराच्या बाजूस, वाळू पसरून तिच्यावर सपाट दगड मांडले होते व त्यांवर बुखारी ठेवली होती. बुखारी हा शब्द फारसींतून आलेला. ही वस्तु म्हणजे पत्र्याचें एक उभें पिंप. समोर लाकडें घालण्याचें दार, त्याखालीं हवा शिरण्याचा झरोका, आणि वरून निघालेली चार बोटें रुंदीची नळी. ही नळी तंबूच्या छतांतून बाहेर जाते. जेथून ती जाते तेथें कापडास पत्र्याची चौकट शिवलेली असते, म्हणजे तापलेली नळी कापडास चिकटत नाहीं. नळीचें टोंक तंबूच्या कण्याहून उंच असतें व त्यावर टोपी असते, नाहींतर वारा धुरास पुन्हां आंत लोटतो.

तंबूंत अशी धुराड्याची चूल ठेवण्याची युक्ति बरीच जुनी आहे. अमेरिकेच्या सैन्यांतील हेन्री हॉपकिन्स सिब्ली या अधिकाऱ्यानें १८५६ सालीं शंकूच्या आकाराच्या एका तंबूचें पेटंट घेतलें. तेथील मूळ रहिवाशांचे तंबू पाहून त्यास तो सुचला होता. त्याच तंबूसाठीं त्यानें पत्र्याची, तळ नसलेली, शंकूसारखीच एक चूल काढली व तिला वर नळी जोडली. तंबू लवकरच मागें पडला. पण चूल मात्र सैन्यांत पुढें कित्येक दशकें टिकली.

सायंकाळीं मेमे-ले स्वतः बुखारी पेटवावयास आले. प्रथम त्यांनीं नळीवर काठीनें हलकेच ठोकून आंतील काजळी झाडली, मग प्रत्येक सांधा हातानें चांचपून पाहिला. वरच्या नळीचें टोंक खालच्या नळीच्या आंत बसविलें होतें. पुतण्या इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, त्यानें विचारलें, "आजोबा, हें उलट नाहीं का? धूर सांध्यांतून बाहेर येईल."

मेमे-ले हसून म्हणाले, "नळी चांगली ओढत असली तर धूर वरच जातो. पण लाकडाचा काळा चीक नळींतून खालीं ओघळतो. तो आंतल्या आंत विस्तवांत पडावा, तुझ्या अंथरुणावर नव्हे."

नंतर त्यांनीं मूठभर ढलप्या पेटवून नळीच्या तोंडाशीं धरल्या. गार नळी धूर ओढीत नाहीं. ती आधीं तापवावी लागते. ती तापली कीं आंतली हवा हलकी होऊन वर चढते व तिच्या मागून चुलींतला धूर. मग अंगठ्याएवढ्या काटक्या, व त्या फुलल्यावर मनगटाएवढीं लाकडें. लाकडें वाळुंजाचीं व सफेद्याचीं होतीं. त्या मुलुखांत रान असें नाहींच. जें झाड दिसतें तें कोणीतरी पाटाच्या कांठीं लावून वाढविलेलें. त्यामुळें फांद्या तोडून, पुरत्या वाळवून, मोजून वापरतात. ओलें लाकूड जाळणें म्हणजे अर्धा विस्तव पाणी आटविण्यांत घालविणें होय, आणि वर धूर व काजळी पदरांत पडते ती वेगळीच.

सर्वांत शेवटीं त्यांनीं बुखारीजवळची तंबूची कड वीतभर वर उचलून दगडानें अडकविली. बाहेरचा गार वारा आंत येऊं लागला तेव्हां आमच्या कुटुंबानें ती खालीं सोडण्याची विनंति केली. मेमे-ले म्हणाले, "बाईजी, चुलीलाहि श्वास लागतो. तिला बाहेरची हवा दिली नाहीं तर ती तुमची खाईल."

पंधरा मिनिटांत तंबू उबदार झाला. कुटुंबानें बुखारीवर वरणासाठीं तूरडाळ शिजत घातली. पण त्या उंचीवर पाणी सुमारें ९० अंशांवरच उकळतें. त्यामुळें दोन तास झाले तरी डाळ दातांखालीं कचकचतच राहिली. अखेर मेमे-लेंच्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर मागून आणावा लागला, तेव्हां वरणभात पानांत पडला.

रात्रीं नऊ वाजतां मेमे-ले पुन्हां आले व आणखी लाकूड घालूं देईनात. पातळ पत्र्याची बुखारी विझल्यावर तासाभरांत गार होते. म्हणून आम्हीं सुचविलें कीं, ती लाकडांनीं भरून झरोका बंद करावा, म्हणजे विस्तव पहांटेपर्यंत धुमसत राहील. त्यांनीं मान हलविली. "झोंपलेल्या माणसानें जागा विस्तव जवळ ठेवूं नये," एवढेंच ते म्हणाले. तापलेले दोन दगड फडक्यांत गुंडाळून त्यांनीं पायांशीं ठेवले, रबरी पिशवींत गरम पाणी भरून दिलें, व आणखी एकेक रजई दिली.

शेजारच्या तंबूंत मैदानी मुलुखांतील एक तरुण जोडपें उतरलें होतें. त्यांची बुखारी विझल्यावर त्या तरुणानें स्वयंपाकघरांतून बादलीभर निखारे मागितले. मेमे-ले नाहीं म्हणाले. तरुणानें पैसे देऊं केले, मग आवाज चढविला. म्हातारा शांतपणें म्हणाला, "रजई मागा, चहा मागा, माझी स्वतःची खोली मागा. निखारे मागूं नका." जोडपें रुसून आंत गेलें. अतिथीनें मागितलेली वस्तु घरांत असून नाकारणें हें आपल्या रीतीस सोडून आहे असें कोणासहि वाटेल. पण त्या नकारांतच खरा अतिथिधर्म होता.

न्यायशास्त्राच्या आरंभींच विद्यार्थ्यास पर्वतावरील धूर दाखवून अग्नीचें अनुमान करावयास शिकवितात. त्याच शास्त्राचें पुढें असेंहि सांगणें आहे कीं, धुरावरून अग्नि कळतो, पण अग्नीवरून धूर कळत नाहीं. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. निखाऱ्याची गोष्ट तशीच आहे. लांकूड ज्वाळेनें जळतें तेव्हां धूर डोळ्यांस झोंबतो, खोकला येतो, माणूस उठून बाहेर जातो. धूर हा दूत आहे. निखारा मात्र निर्धूम, सुंदर व ऊबदार. आणि हवा अपुरी पडली कीं त्याच्यापासूनच कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु मुबलक निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, झोंबणें नाहीं. रक्तांतील ज्या द्रव्यानें प्राणवायु वाहून न्यावयाचा, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पटीनें घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असून शरीर गुदमरतें.

उंच प्रदेशांत हा धोका दुप्पट होतो. डोकें दुखणें, मळमळणें, भोंवळ, ग्लानि हीं या विषबाधेचीं लक्षणें. आणि विरळ हवेनें होणाऱ्या विकाराचींहि हुबेहूब हींच. प्रवासी म्हणतो, 'उंची बाधली', आणि रजईंत आणखी खोल शिरतो. वस्तुतः त्यानें तत्काळ बाहेर जावयास हवें असतें. म्हणून नियम असा कीं, एकाच तंबूंतील दोघांतिघांचें डोकें एकदम दुखूं लागलें, किंवा बाहेर जातां तें उतरूं लागलें, तर प्रथम विस्तवाचा संशय घ्यावा. आधीं माणसें बाहेर काढावीं, कारणांचा विचार मागाहून करावा.

जाणत्या माणसासहि हा वायु कसा फसवितो याचें प्रसिद्ध उदाहरण रिचर्ड बर्ड याचें. हा अमेरिकन दर्यावर्दी १९३४ सालच्या हिवाळ्यांत अंटार्क्टिकावर, बर्फांत पुरलेल्या एका झोंपडींत, हवामानाचीं निरीक्षणें करीत महिनोन्महिने एकटा राहिला. शेगडीच्या व यंत्राच्या धुराची वाट बर्फानें कोंडली आणि त्यास हळूहळू विषबाधा झाली. शेगडी चालू ठेवावी तर विष, विझवावी तर गोठून मरण, अशा पेंचांत तो सांपडला. आपलें दुखणें त्यानें सोबत्यांपासून लपविलें. पण त्याचे बिनतारी संदेश तुटक व चुकीचे येऊं लागले, त्यावरून त्यांस शंका आली. ऑगस्ट महिन्यांत तिघेजण त्याच्यापर्यंत पोंचले, म्हणून तो वांचला.

नुब्राहून लेहमार्गें आम्ही चांगथांग पठारावर, त्सो मोरिरी सरोवराच्या कांठीं कोरझोक येथें गेलों. येथें उंची ४,५०० मीटरांहून अधिक. झाड औषधालाहि नाहीं. येथील चांगपा धनगर याकच्या केंसांचे काळे तंबू विणतात, त्यांस 'रेबो' म्हणतात. चूल मधोमध असते, तींत वाळलेलें शेण जळतें, व माथ्यावर धुरासाठीं लांब फट ठेवलेली असते. थंडी कितीहि असो, विस्तव पेटता असतांना ती फट उघडीच राहते. आम्ही आंत गेलों तेव्हां घरधनिणीनें हातानें खालीं बसण्याची खूण केली. उभें राहिलें तर धूर डोळ्यांत जातो, बसलें तर डोक्यावरून. मात्र जन्मभर त्या धुरांत राहून बायकांच्या डोळ्यांस व फुप्फुसांस इजा पोंचतेच. म्हणून आम्हीं पाहिलेल्या तीन बिऱ्हाडांपैकीं दोघांनीं आतां नळीची पत्र्याची चूल घेतली होती. साधनें बदललीं, पण धुरास वाट ठेवण्याचा नियम तोच राहिला.

आपल्या घरांत हा नियम कितीसा पाळला जातो? अमरकोशांत शेगडीस 'हसन्ती' असें एक नांव आहे. फुललेल्या निखाऱ्यांची शेगडी खरोखरच हसत असल्यासारखी दिसते. बाळंतिणीच्या खोलीचीं दारें-खिडक्या वारा लागूं नये म्हणून गच्च लावून आंत ही हसणारी शेगडी ठेवण्याची चाल आपल्याकडे घरोघर होती व अजूनहि कोठें कोठें आहे. उत्तर हिंदुस्थानांत बंद खोलींत निखारे घेऊन झोंपलेलीं माणसें सकाळीं मेलेलीं आढळल्याच्या बातम्या दर हिवाळ्यांत येतात. शहरांत शेगडी गेली, पण न्हाणीघरांत गॅसचा गीझर आला. खिडकी लावून तो चालू ठेवल्यानें आपल्या महाराष्ट्रांतहि जीव गेले आहेत.

तेव्हां घरांतील कर्त्या स्त्रीपुरुषांनीं तीन गोष्टी पाळाव्या. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या हवेंत बसवावा. शेकशेगडी करणें झालेंच तर खिडकी उघडी ठेवावी व शेक होतांच शेगडी बाहेर न्यावी; तिच्यासह कोणीं झोंपूं नये. थंड प्रदेशीं तंबूंत राहावयास जाणाऱ्या मुलांस या वायूची सूचना देणारें विजेरीवरचें छोटें यंत्र बरोबर द्यावें. जेथें धूर बोलत नाहीं, तेथें तें बोलतें. आणि ज्या जागेंतून धुरास बाहेर जावयास वाट नाहीं, त्या जागेंत निर्धूम अग्निहि नेऊं नये.