लोभ असावा

छोट्या प्रकाशनव्यवसायात आमचे खरे भांडवल म्हणजे पूर्वी पुस्तके नेलेल्या वाचकांचे पत्ते. नव्या पुस्तकाची प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करताना हात त्या यादीकडे जातो आणि थबकतो. वाचकाने ईमेलचा पत्ता दिला, तो पुस्तकाच्या चौकशीपुरता. आमचे सतत ऐकत राहण्यासाठी नव्हे.

१९७८ साली गॅरी थुर्क यांनी आपल्या कंपनीच्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा धाडले आणि रोष ओढवून घेतला. माणसांना गर्दी समजून लिहिलेले पत्र आजही तसेच खुपते.

म्हणून कथासंग्रह नेणाऱ्याला आम्ही नव्या कथासंग्रहाचीच वार्ता कळवतो. पूर्वी घेतलेल्या पुस्तकाचा उल्लेख, नव्याची किंमत, सवलतीची खरी मुदत, एवढाच मजकूर. मुदत वाढवायची असेल, तर ‘शेवटची संधी’ म्हणत नाही. ‘पत्रे नको असल्यास कळवावे’ ही ओळ ठळक असते. तसे कळताच नाव त्याच दिवशी वगळतो. दोन पत्रांना उत्तर न आल्यास आम्हीही गप्प बसतो.

याची किंमत मोजावी लागते. यादी आखडते, गठ्ठे पडून राहतात, छापखान्याचे बिल थांबत नाही. अशा वेळी आणखी एक पत्र धाडण्याचा मोह दांडगा असतो. पण मराठी पत्राची जुनी रीत ‘विनंती विशेष’ने आरंभ करून ‘लोभ असावा’ या शब्दांनी संपते. विक्री एका हंगामाची. लोभ पुढच्या पुस्तकालाही लागतो.