आजोबांचा वस्तरा, कुपवाडचा वीकेंड

वीकेंडला कुपवाडला चाललेय म्हटल्यावर आमच्या ग्रुपमधून एकच प्रश्न आला, ‘तिथे काय आहे?’ प्रश्न रास्त होता. किल्ला नाही, धबधबा नाही, सनसेट पॉइंटही नाही. 1998 मध्ये झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या नावात तिसऱ्या नंबरवर येणारं हे गाव. इथे आहे एमआयडीसी, पत्र्याच्या शेड्स, लेथचा आवाज आणि पाळी सुटली की चहाच्या गाड्यांवर होणारी गर्दी. शिवाय माझा मामा. आणि मामाच्या माळ्यावर आजोबांचा वस्तरा!

सलूनमध्ये अर्धं ब्लेड अडकवतात, तो वस्तरा नाही हं. हा खराखुरा, घडीचा, अख्ख्या पोलादी पात्याचा. शिंगाची काळी मूठ आणि पात्याच्या बुडाशी गंजातून कसाबसा वाचता येणारा ‘सोलिंगेन’ हा शिक्का. जर्मनीतलं हे गाव पात्यांसाठी जगभर प्रसिद्ध. 1903 मध्ये अमेरिकेत जिलेटचा सेफ्टी रेझर बाजारात आला, ब्लेड वापरा आणि फेका असा जमाना सुरू झाला. आमचे अण्णा, म्हणजे आजोबा, मात्र शेवटपर्यंत याच वस्तऱ्याने दाढी करायचे, असं मामा सांगतो. मी ते कधी पाहिलं नाही. म्हणूनच तो पुन्हा चालता करायचा, असं मी ठरवून टाकलं. अनुभव? शून्य.

मिरजेला उतरून रिक्षाने कुपवाड गाठलं, मामीने पुढे केलेल्या भडंगाचा फडशा पाडला आणि लगेच कामाला लागले. धारेवर चिकटपट्टी लावली, पातं लाकडाच्या तुकड्यावर आडवं ठेवलं आणि तेल सोडून सहाशे नंबरच्या वॉटरपेपरने हलक्या हाताने घासायला सुरुवात केली. लाल गंज पटकन निघतो. त्याखालचे काळे खड्डे निघत नाहीत. ते धारेपर्यंत पोचलेले नसले म्हणजे मिळवली. आमचे नव्हते. सहाशे, मग हजार, मग दोन हजार. तीन तासांनी बोटं काळी, मान आखडलेली आणि वस्तरा... बरा म्हणण्याइतपत.

इथेच मी माती खाल्ली. आजूबाजूला एवढ्या शेड्स असताना हाताने कशाला मरायचं, असं वाटलं आणि वस्तरा घेऊन बफिंगच्या एका शेडमध्ये गेले. ‘ताई, आरशागत करून देतो बघा,’ तिथल्या पोराने सांगितलं. करूनही दिला. अर्ध्या मिनिटात पातं असं चमकायला लागलं की मी खूश! पण टोकाशी जांभळट-निळा डाग दिसत होता. तो पुसून जाईना. आणि ‘सोलिंगेन’मधलं अर्धं गायब.

मामाची हयात फाउंड्रीत गेलेली. त्याने पातं उजेडात धरलं आणि कपाळावर हात मारला. ‘अगं, पाणी उतरवलंस की याचं!’

पोलाद तापवून विझवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून ते पुन्हा थोडं तापवतात. वस्तऱ्याला ही दुसरी ऊब साधारण दोनशे अंशांचीच दिलेली असते. घासता घासता पातं तीनशेच्या आसपास गेलं की निळा रंग चढतो आणि पोलाद तेवढ्यापुरतं मऊ पडतं. पात्याचं टोक पातळ, त्यामुळे ते क्षणात तापतं. पोराची काही चूक नाही. मी चमक मागितली, त्याने चमक दिली.

दुसऱ्या दिवशी मामा मला मिरजेला घेऊन गेला. सतारमेकर गल्लीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ती पुन्हा बातम्यांत होती. पण या वाद्यांची सुरुवात हत्यारांपासून झालीय, हे मला कुठे माहीत होतं! शिकल करणं म्हणजे हत्यारं घासून-पुसून लखलखीत करणं. ते करणारे शिकलगार. तलवारींचे दिवस सरत आले तसे 1850 च्या सुमाराला मिरजेचे फरीदसाहेब आणि मोहिद्दीन शिकलगार सतारीकडे वळले. भोपळ्याच्या सतारी बनवणाऱ्या या हातांची मुळं पोलादात आहेत.

आम्ही गेलो ते मात्र अजून धारेचंच काम करणाऱ्या एका वयस्कर चाचांकडे. कात्र्यांचा ढीग बाजूला सारून त्यांनी वस्तरा घेतला आणि निळा डाग बघून एवढंच म्हणाले, ‘पुढचं अर्धा इंच विसरा. बाकी जिवंत आहे.’

मग त्यांनी पात्याची जाड पाठ दाखवली. वस्तऱ्याला धार लावताना कोन मोजावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवायच्या, कोन आपोआप येतो. त्यामुळे धारेबरोबर पाठही झिजते. आमच्या वस्तऱ्याची पाठ एका बाजूला जास्त झिजलेली होती. ‘ज्यांचा होता त्यांचा हात एकीकडे जड होता,’ चाचा म्हणाले. मामा काही बोलला नाही. त्याने ती पाठ अंगठ्याने दोनदा चाचपली.

मी पुण्याहून दगड नेले होते: एक हजार, चार हजार, आठ हजार. दगडावर धार पुढे ठेवून ढकलायचं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मात्र उलटं, पाठ पुढे. नाहीतर पट्टा कापलाच समजा. मी कापला! छोटासाच. संध्याकाळपर्यंत हातावरचे केस न ओढता उडायला लागले. टोकाचं अर्धा इंच सोडून.

सोमवारी सकाळी मामा आरशासमोर बसला. पातं स्पिरिटने पुसलेलं, शेजारी तुरटीचा खडा. मामी दारात हाताची घडी घालून उभी. उजवा गाल त्याने सावकाश, श्वास रोखून केला. आवाज आला, खरखर नाही, कागद फाटल्यासारखा बारीक. जबड्याखाली एक लाल ठिपका, बस्स.

डाव्या गालापाशी हात अडला. उजव्या हाताने कोन जमेना, नाक मध्ये येत होतं.

‘अण्णा इथं हात बदलायचे गं,’ मामा म्हणाला आणि उरलेल्या गालासाठी त्याने कपाटातला ट्विन ब्लेडचा रेझर काढला.