बुडणे सोपे, वर येणे कठीण

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दोन भारतीय अटलांटिक महासागराच्या गर्तेत उतरले. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ राजू रमेश ५ ऑगस्टला 'नॉटील' या फ्रेंच पाणबुडीतून ४,०२५ मीटर खोल गेले. दुसऱ्या दिवशी नौदलातील निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंग यांनी ५,००२ मीटरची खोली गाठली. बातम्यांनी हे आकडे ठळक छापले आणि ते योग्यच होते. परंतु त्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, ती कोणाच्या मथळ्यात आली नाही : दोघेही सुखरूप वर आले. त्यांना वर आणणारे तत्त्व शाळेच्या पुस्तकातलेच आहे. त्याचे नाव घनता.

जड वस्तू बुडते आणि हलकी तरंगते, अशी समजूत लहानपणीच मनात रुजते. ती मोडून काढायला एक टाचणी आणि एक जहाज पुरेसे आहे. पाण्यात टाकलेली टाचणी एक ग्रॅमचीही नसते, तरी तळाशी जाते. कोची येथे बांधलेली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका चाळीस हजार टनांहून अधिक भार घेऊन समुद्रावर डौलाने उभी राहते. पाणी वजन किती हे एकटे विचारत नाही. ते वजन किती जागेत सामावले आहे, हेही विचारते. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिला वर ढकलते. हे आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वी सांगितले. जहाजाचे पोलाद पाण्याच्या जवळजवळ आठपट घन असले, तरी जहाज म्हणजे केवळ पोलाद नव्हे. त्याच्या पोटातील हवेची पोकळीही हिशेबात येते आणि सरासरी घनता पाण्याहून कमी भरते.

हाच हिशेब आता भारताच्या 'मत्स्य ६०००' या यानासाठी मांडला जात आहे. समुद्रयान मोहिमेत तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेण्यासाठी हे यान तयार होत आहे. ती तिघे टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या एका पोकळ गोलात बसतील. गोलाचा आतील व्यास २.१ मीटर आणि भिंतीची जाडी ८० मिलिमीटर धरली, तर ठोकळ गणित असे होते : धातूचे वजन सुमारे ५.३ टन आणि गोलाने बाजूला सारलेल्या समुद्रजलाचे वजन सुमारे ६.२ टन. म्हणजे आठ सेंटिमीटर जाड भिंतीचा हा रिकामा गोल पाण्यावर चक्क तरंगेल! तोच गोल त्याच मापाचा पण पोलादाचा केला, तर त्याचे वजन नऊ टनांच्या पुढे जाईल आणि तो सरळ तळ गाठेल. टायटॅनियम का, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्याच्या बळकटीत आहे आणि उरलेले अर्धे या वजाबाकीत आहे.

मात्र खरी कसोटी पुढे आहे. सहा हजार मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहाशे किलोंचा भार असतो. तेथे थर्मोकोलचा पेला नेला, तर तो आक्रसून अंगठ्याएवढा होतो. त्याचे वस्तुमान तेवढेच राहते, आकारमान घटते, साहजिकच घनता वाढते. पृष्ठभागावर तरंगणारी वस्तू अशा रीतीने खोल पाण्यात बुडणारी होऊ शकते. जी जितकी खाली जाते तितकी दबते आणि जितकी दबते तितकी आणखी खाली जाते. म्हणून खोल पाण्यात हलके असणे पुरत नाही. हलकेपण दाबाखाली टिकावे लागते.

गोलाबाहेर बॅटऱ्या, पंखे, यांत्रिक हात, सांगाडा असा मोठा भार असतो. तो तोलण्यासाठी अशा यानांत विशेष प्रकारचा फेस बसवतात. काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे राळेत घट्ट बसवून तो तयार होतो. बाहेरून पाहिले तर तो साधा ठोकळाच. प्रत्यक्षात त्यात असंख्य चिमुकल्या पोकळ्या दाब सोशीत असतात. गंमत अशी की पाणीही थोडे दबते. सहा हजार मीटरवर समुद्राचे पाणी पृष्ठभागावरील पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के घन असते. पंचवीस टन पाणी बाजूला सारणाऱ्या यानाचे आकारमान कायम राहिले, असे धरले, तर त्याला तळाशी सहाशे किलोंच्या आसपास जादा उचल मिळते. एवढ्या बारकाव्याचा हिशेब बंदर सोडण्यापूर्वीच पक्का करावा लागतो.

मग हलके यान खाली जाते तरी कसे? मुद्दाम नेलेल्या ओझ्याने. गलबताच्या तळाशी स्थैर्यासाठी टाकलेल्या भाराला जुने दर्यावर्दी नीरम म्हणत. खोल समुद्रातील यानाचे नीरम मात्र टाकून देण्यासाठीच नेलेले असते. १९६० मध्ये जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'ट्रिएस्ट' या यानातून पॅसिफिकच्या सर्वांत खोल गर्तेत उतरले. त्यांचा पोलादी गोल एकटा बुडणाराच होता. त्याला तोलून धरायला वर सुमारे ८५,००० लिटर पेट्रोलची टाकी होती, कारण पेट्रोल पाण्याहून हलके. खाली नेण्यासाठी लोखंडी गोळ्या होत्या आणि त्या विद्युतचुंबकांनी धरून ठेवल्या होत्या. वीज बंद पडली असती, तर चुंबकत्व गेले असते, गोळ्या गळून पडल्या असत्या आणि यान आपोआप वर निघाले असते.

या रचनेत मोठे शहाणपण आहे. यंत्र बिघडू शकते, वीज जाऊ शकते, माणूस गोंधळू शकतो. पाण्याचा नियम यांपैकी कशाचीही वाट पाहत नाही. परतीचा भरवसा यंत्रावर न टाकता घनतेवर टाकला, म्हणून ते धाडस शक्य झाले.

२०२५ च्या आरंभी चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात 'मत्स्य'च्या पाण्यातील चाचण्या झाल्या. तेथील उथळ पाण्यात यान कसे तरंगते आणि किती स्थिर राहते, हे इतर गोष्टींबरोबर तपासले गेले. नेहमीच्या फेरीसाठी त्यात बारा तासांची आणि संकटकाळी शहाण्णव तासांची जीवनाधार व्यवस्था योजली आहे. परीक्षेत घनतेचे सूत्र दोन गुणांचे असते : वस्तुमान भागिले आकारमान. सहा हजार मीटर खोल अंधारात बसलेल्या तिघांसाठी तोच भागाकार पाण्याच्या घनतेपेक्षा जरा कमी येणे म्हणजे घरी परतणे होय.