परभणीतला रविवार

सुट्टी असूनही पहाटेच जाग आली, कारण घरमालकीण मावशींनी दार वाजवलं. “पाणी यायलंय माय, भरून घे.” नळाला रोज पाणी नसतं; आलं की बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरून ठेवायचा.

नवऱ्याची नोकरी इथल्या कृषी विद्यापीठात, माझी सेलूच्या बँकेत, म्हणून घर स्टेशनजवळ. ऑर्डर हातात पडली तेव्हा पुण्यातल्या मैत्रिणींनी ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ऐकवलंच. म्हण झकास आहे, पण रचणाऱ्याने इथली ज्वारी खाल्ली नसणार.

लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण २०१८ साली ह्याच विद्यापीठातून आलं. हा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला असं सांगतो, जणू स्वतःच काढलंय. (आहे लेखा शाखेत!) माझ्या भाकरीचे काठ अजून चिरतात. मावशींनी परातीतलं पीठ बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, “उकळतं पाणी घाल, अन् तळहाताने रगड. घाई कशाला करायलीस?”

पडदे राहिलेच. भिंतीत खिळा वाकला, तेव्हा हा ड्रिल मशीन मागायला शेजारी गेलाय. गेल्यापासून तिथेच गप्पा. उद्या सेलूची गाडी गाठायचीय, डब्याचं मात्र अजून काहीच ठरलेलं नाही.