शेवटच्या दिवसाचा रकाना

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला मित्राच्या मुलीचा फोन आला. पोरगी आमच्या उमरग्याचीच. सध्या परदेशात आपत्तीच्या वेळच्या मदतकार्याचं व्यवस्थापन शिकते. म्हणाली, "काका, झोपलात का? एक असाइनमेंट आहे, तुम्ही जरा बघता का? तुम्ही किल्लारी बघितलंय म्हणून विचारते."

असाइनमेंट अशी. जानेवारी २०१० चा शेवट. हैतीत भूकंप होऊन दोन-अडीच आठवडे झालेत. तुमच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने या देशात आजवर कधी काम केलेलं नाही. तिथे नवं 'कंट्री ऑफिस' उघडायचं आहे. पहिल्या वर्षाचा आराखडा तयार करा.

तिने एक्सेलची फाईल पाठवली. अकरा शीट. मी चष्मा लावून वाचत बसलो. खरं सांगतो, काम चांगलं होतं. आपल्याला वाटतं मदत म्हणजे गाडी भरली, ब्लँकेटं टाकली आणि निघालो. तसं नसतं. त्या देशाच्या सरकारकडे नोंदणी नसेल तर बाहेरच्या माणसांना व्हिसा मिळत नाही, औषधांचे कंटेनर कस्टममध्ये अडकतात. बँकेत खातं नसेल तर ड्रायव्हरचा पगार कसा करणार? भूकंपातून वाचलेल्या इमारतींची भाडी आभाळाला भिडलेली असतात. मग ऑफिस कुठे, राहायचं कुठे, जनरेटरला डिझेल कुठून, पाणी किती दिवसांचं साठवायचं, नेटवर्क गेलं तर सॅटेलाइट फोन कुणाकडे, गाड्या किती, मेकॅनिक कोण, परिस्थिती बिघडली तर माणसं बाहेर कशी काढायची. पोरीने सगळ्याचा विचार केला होता.

हैतीत तर सही कुणाची घ्यायची हाच प्रश्न होता. १२ जानेवारीच्या त्या भूकंपात राष्ट्राध्यक्षांचा महाल कोसळला, बहुतेक मंत्रालयं कोसळली. सरकार विमानतळाजवळच्या एका पोलीस ठाण्यातून चालत होतं. संयुक्त राष्ट्रांच्या मिशनचं मुख्यालयही पडलं आणि मिशनचे प्रमुख त्यात गेले. मृतांचा सरकारी आकडा दोन लाखांच्या वर. अशा ठिकाणी पहिलं टेबल-खुर्ची मांडणं हेच मोठं काम, हे मला मान्य आहे.

सगळं वाचून मी तिला एकच विचारलं. "तुझ्या ऑफिसात मीटिंग कुठल्या भाषेत होणार?"

"इंग्लिशमध्ये. लागलीच तर फ्रेंच."

"आणि तिथली माणसं काय बोलतात?"

जरा थांबली. "क्रिओल."

हैतीत झाडून सगळे क्रिओल बोलतात. फ्रेंच चांगली येणारे थोडे. पण त्या २०१० साली मदतीची सूत्रं जिथून हलत होती त्या 'क्लस्टर' बैठका संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, बहुतेक इंग्रजीत व्हायच्या. तळाला कुंपण, फाटकावर पहारा, आत जायला ओळखपत्र. तिथली स्थानिक संघटना चालवणारी बाई फाटकाबाहेर, आणि आत तिच्याच वस्तीत ताडपत्र्या किती लागतील याचा हिशोब चाललेला.

आता मी जरा मागे जातो. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी बारा वर्षांचा होतो. त्या पहाटेवर पुष्कळांनी लिहिलंय, मीही दरवर्षी लिहितो. आज सांगायचंय ते नंतरचं.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मदतीला आलेल्या एका परदेशी संस्थेने आमच्याकडे एक बंगला भाड्याने घेतला, पाटी लावली, पांढऱ्या जीप उभ्या केल्या. (नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती.) सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर वडील त्यांचे दुभाषे. कधी कधी मला जीपमध्ये मागे बसवून न्यायचे. मला जीपचंच कौतुक.

सास्तूरच्या बाजूच्या एका गावात माझी आत्या. विधवा, दिराच्या एकत्र घरात राहायची. घर पडलं, माणसं सुदैवाने वाचली. संस्थेचा साहेब फॉर्म घेऊन विचारायचा : कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, जमीन किती. दीर उत्तरं द्यायचा, वडील इंग्रजीत सांगायचे, साहेब लिहायचा. आत्या मागे उभी होती. मध्येच वडिलांना म्हणाली, "आण्णा, त्यास्नी इचार की, नव्या घरात म्हस कुटं बांधायची?"

साहेबाला अजून चार गावं करायची होती. फॉर्ममध्ये म्हशीचा रकाना नव्हता. वडिलांनी ते वाक्य इंग्रजीत केलंच नाही.

पुढे काय झालं ते आमच्या भागातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ५२ गावं नव्या जागी उठवली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, कॉलनीसारखे प्लॉट. भिंती पक्क्या झाल्या, हे खरंच आणि मोठंच काम झालं. पण गोठा, कडबा, धान्य ठेवायची जागा या गोष्टी लोकांना मागून पत्रे ठोकून कराव्या लागल्या. आजही जाऊन बघा. आत्याचं नाव तर यादीत वेगळं आलंच नाही. तिचं रेशनकार्ड दिराच्या नावात. दिराला घर मिळालं, आत्या कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडात राहिली.

दीड-दोन वर्षांनी त्या संस्थेचं ऑफिस बंद झालं. पाटी उतरली, जीप गेल्या. साहेबाने वडिलांना एक पेन आणि प्रशस्तिपत्र दिलं. आणि मग आमच्या घरी माणसं यायला लागली. कुणाच्या हातात पावती, कुणाच्या हातात फॉर्मची कार्बन कॉपी. "गुरुजी, तुमच्या सायबाला सांगा की, आमचं राहिलंय." साहेब केव्हाच विमानात बसून गेला होता. उरले होते गुरुजी. बाजारात, लग्नात, मयतीला, जिथे जातील तिथे. दहा वर्षं तरी हे चाललं. म्हशीचं ते वाक्य वडील शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. म्हणायचे, "दोन मिनिटांचं काम होतं रे. इंग्रजी येत होतं मला."

म्हणून मी पोरीला दुसरा प्रश्न विचारला. "तुझ्या फाईलमध्ये ऑफिस बंद कधी होणार आणि त्या दिवशी कोण उरणार, हे कुठे आहे?"

होतं. अकराव्या शीटवर, एकच ओळ. 'काम स्थानिक भागीदारांकडे सोपवणे.' कोणते भागीदार, काही नाही. त्यांना वर्षभरात काय शिकवणार, किती पैसे देणार, कोणते निर्णय त्यांचे, काही नाही. माणसं बाहेर काढायच्या शीटवर सहा खुर्च्या होत्या, सहाही परदेशी स्टाफच्या. ड्रायव्हर, दुभाषा, गोदामवाला यांच्यासाठी खुर्ची नव्हती. जगभरात मदतकार्य करताना मारली जाणारी बहुसंख्य माणसं ही त्याच देशातली असतात, हे तिला शिकवलेलं होतं. तरी शीट तशीच भरली गेली. मी तिला दोष देत नाही. साचाच तसा मिळतो.

हैतीचं पुढे काय झालं तेही बघा. भूकंपानंतरच्या तातडीच्या मदतीतले साधारण एक टक्का पैसे थेट हैती सरकारकडे गेले. हैतीतल्या स्थानिक संस्थांच्या वाट्याला त्याहूनही कमी. अमेरिकन रेड क्रॉसने हैतीसाठी जवळपास ५० कोटी डॉलर जमवले. २०१५ मध्ये प्रोपब्लिका आणि एनपीआर या माध्यमांनी शोधून लिहिलं की, त्यातून पक्की नवी घरं झाली सहा. संस्थेने हे चित्र नाकारलं. तात्पुरते निवारे, दुरुस्ती, भाड्याची मदत धरली तर लाखाहून जास्त लोकांना निवाऱ्यासाठी मदत झाली, असं तिचं म्हणणं. जमिनीच्या कागदपत्रांचा गोंधळही खरा होता. पण त्याच शोधात असंही पुढे आलं की, महत्त्वाच्या जागांवर बसलेल्या अनेकांना ना फ्रेंच येत होती ना क्रिओल. जमिनीचा गुंता सोडवायचा तो गावात बसून, गप्पा मारून. ते भाषेशिवाय कसं करणार?

ऑक्टोबर २०१० मध्ये तर कहर झाला. मिरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ होता. मदतसंस्थेचं ऑफिस नव्हे, पण बाहेरून येऊन मांडलेलं बिऱ्हाडच. तिथलं मैल्याचं पाणी आर्तिबोनित नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेलं आणि कॉलरा पसरला. त्याआधी किमान शंभर वर्षं हैतीत कॉलऱ्याची नोंद नव्हती. जवळपास १० हजार माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी जाहीर माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. आपला संडास कुठे सुटतो, खालच्या अंगाला कोण पाणी भरतं, हे त्या ओढ्याकाठच्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं.

त्याच मिरबालेचं दुसरंही एक उदाहरण आहे, तेही सांगायला हवं. 'झांमी लासांते' ही संस्था हैतीच्या त्या भागात १९८० च्या दशकापासून आहे. मदतीचा हात परदेशी डॉक्टरांचा, पण कर्मचारी जवळजवळ सगळे हैतीचेच. भूकंप झाला तेव्हा त्यांना नवं ऑफिस उघडावं लागलं नाही. माणसं तिथलीच होती, भाषा तीच होती. २०१३ मध्ये त्यांनी मिरबालेत मोठं शिक्षण-रुग्णालय उघडलं, तिथे हैतीचेच डॉक्टर-नर्स घडवायला लागले.

आणि आपल्याकडचं उदाहरण तर आपण विसरूनच गेलोय. किल्लारीनंतर घरांच्या दुरुस्तीचं काम जिथे होतं, त्या शेकडो गावांत 'संवाद सहायक' म्हणून गावातल्याच बायका नेमल्या गेल्या. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यांना उभं केलं. सरकारी योजना घरोघरी समजावणं, बांधकाम नीट होतंय का बघणं, हप्ता अडला तर साहेबाकडे जाणं. शाळा धड न झालेल्या बायका भिंतीतल्या पट्ट्या तपासायला लागल्या. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा आपल्या लातूर-उस्मानाबादच्या बाया कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. त्यांनी काही कंट्री ऑफिस उघडलं नव्हतं.

आता हे सगळं आज का? कारण ऑफिसं बंद व्हायचे दिवस आलेत. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी शब्द दिला होता की, २०२० पर्यंत मदतीचा चौथा हिस्सा शक्य तितका थेट स्थानिक संस्थांना देऊ. तो पाळला गेला नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएड गुंडाळली. तिच्या पैशावर चालणारे कार्यक्रम देशोदेशी काही आठवड्यांत थांबले. तिथेही आता कुणीतरी गुरुजी असतील, ज्यांच्या दारात लोक पावत्या घेऊन उभे असतील.

आपल्या घरचंही बघा. २०२० मध्ये एफसीआरए कायदा बदलला. तेव्हापासून परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. हेतू पारदर्शकतेचा, असं सरकार सांगतं. हिशोब चोख हवाच, त्यात वाद नाही. पण मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या छोट्या संस्थेकडे जाणारी वाट त्याने बंद झाली. उद्या आपल्याकडे पुन्हा जमीन हलली, तर पहिल्या रात्री धावणारा कोण आणि पैसा कुणाकडे, याचा मेळ कसा बसणार?

माझाही हिशोब मांडतो. वीस वर्षं बातमीदारी करतोय. संस्थांच्या ऑफिसांची उद्घाटनं किती कव्हर केली, मोजता येणार नाहीत. फीत, नारळ, फोटो, चार कॉलम. ऑफिस बंद झाल्याची बातमी मी एकदाही दिलेली नाही. कुणी बोलावत नाही, आणि मीही कधी गेलो नाही.

पोरीने दोन दिवसांनी फाईल परत पाठवली. शेवटच्या दिवसाची शीट आता पहिली आहे. त्यात तिने लिहिलंय : ऑफिसचा उपप्रमुख पहिल्या दिवसापासून हैतीचा, आणि खर्चावर त्याची सही. बैठका क्रिओलमध्ये, गरज बाहेरच्यांना असेल तर दुभाषा त्यांच्यासाठी. फॉर्म भरताना घरातल्या बाईशी वेगळं बोलायचं. बाहेर काढायच्या यादीत स्थानिक कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. ऑफिस बंद झाल्यावरही दोन वर्षं तक्रारी ऐकणारा एक पगारी माणूस, त्याच गावातला. या शेवटच्या मुद्द्याला पैसे कोण देणार, म्हणून सरांनी लाल खूण केलीय म्हणे. तिने मुद्दा काढलेला नाही.

एक विनंती. १९९३ नंतर आपल्या भागात बाहेरून आलेल्या संस्थांसाठी ज्यांनी दुभाष्याचं, ड्रायव्हरचं, यादी लिहायचं काम केलं, त्यांची नावं आणि आठवणी मी गोळा करतोय. बरेच जण गेले, उरलेले म्हातारे झालेत. तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल तर मला कळवा. मी येतो, बसतो, लिहून घेतो. या वेळी घाई करणार नाही.