वऱ्हाडातला आडवा र

तिवस्यात टायपिंगचं दुकान चालवायचं म्हणजे दोन हंगाम सांभाळायचे. लग्नसराईत पत्रिका, आणि पीककर्जाच्या दिवसांत शेतकऱ्यांचे अर्ज. दोन्हीकडे एक अक्षर पाठ सोडत नाही. शेतकऱ्यांना, वऱ्हाडी मंडळी, गिऱ्हाईक, आणि आमच्याच तालुक्यातलं कुऱ्हा: या सगळ्यांत तो आडवा र बसलेला.

जुनं काम सगळं कृतिदेव फॉन्टमधलं. पडद्यावर मराठी दिसतं, पण फायलीच्या पोटात मराठी नसतंच. 'किसान' टाइप केलं की आत एफ, डी, एल, के, यू ही इंग्रजी अक्षरं जातात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. कागद छापून हातात द्यायचे तेव्हा हे खपून गेलं. अर्ज ऑनलाइन झाले, लोक मजकूर मोबाइलवर मागायला लागले, आणि एफडीएलकेयू उघडं पडलं. आता सगळं युनिकोडात हवं, म्हणजे फायलीच्या पोटातही मराठीच.

त्यासाठी पैसे मोजून एक प्रोग्रॅम घेतला. सोबत यूएसबीचं डोंगल. ते लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. तो वऱ्हाडचं 'वर्हाड' करायचा, कुऱ्ह्याचा र ह च्या डोक्यावर रफार होऊन चढायचा. नवरदेवाच्या काकांनी पत्रिकेचा मसुदा पाहून विचारलं, "भाऊ, आमच्या गावचं नाव काऊन बिघडवलं?" कंपनीला फोन केला, तर पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले. ती आवृत्ती वेगळ्या पैशात. प्रोग्रॅम माझ्या टेबलावर, पैसे माझे, पण आतली एक ओळ बदलायची मुभा मला नाही!

अमरावतीला शिकणाऱ्या भाच्यानं मग एक मोकळा कन्व्हर्टर आणून दिला. साधी एक फाइल, नोटपॅडमध्ये उघडणारी. चूक त्यातही तीच होती, कारण तो हिंदीसाठी लिहिलेला आणि हिंदीला असा र लागत नाही. पण इथे नियम डोळ्यांसमोर होते. ऱ्हस्व वेलांटी कृतिदेवमध्ये अक्षराच्या आधी येते, ती नंतर न्यायची. रफाराचं उलटं: 'वर्धा' लिहिताना रफाराची कळ कान्याच्याही नंतर दाबतात, युनिकोडात मात्र र् हा ध च्या आधी हवा. हे वाचताना मला कोडिंग येण्याची गरज पडली नाही, टायपिंग येत होतं तेवढं पुरलं. आडव्या र साठी नियमांच्या यादीत ओळच नव्हती. मी सांगितलं, भाच्यानं घातली. चहा थंड व्हायच्या आत वऱ्हाड ताळ्यावर आलं.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रॅमरची गोष्टही अशीच, एका प्रिंटरपासून सुरू होते, हे मला नंतर कळलं. प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. दुरुस्तीसाठी त्याचा कोड मागितला, तो मिळाला नाही. १९८३ मध्ये त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आला. वापरा, बदला, वाटा, विकासुद्धा; पण पुढच्याला द्याल तर कोडसकट द्या. आमचा कन्व्हर्टर याच परवान्याचा.

म्हणून दुरुस्त केलेली फाइल मी मोझरी आणि कुऱ्ह्याच्या दुकानांना देऊन टाकली. मोझरीवाला म्हणाला, "फुकट काऊन वाटून राह्यले भाऊ? धंदा तं तुमचाच बसन." गुरुकुंज आश्रमाच्या गावात, जिथे श्रमदान लहान पोरालाही समजावून सांगावं लागत नाही, तिथला माणूस असं विचारतो याची गंमत वाटली. माझं गिऱ्हाईक कन्व्हर्टरसाठी येतच नाही. ते येतं शुद्ध मजकुरासाठी, कुठली कागदपत्रं लागतील ते सांगणाऱ्या माणसासाठी, रात्री उशिरा पत्रिका बदलून मिळते म्हणून. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं पोट असतं, हे मला मान्य आहे. त्यानं मेहनतीचे पैसे घ्यावेत, दुरुस्तीचे घ्यावेत. कुलपाचे पैसे मात्र मला पटत नाहीत.

कुऱ्ह्याच्या दुकानदारानं पुढे स्वतःहून एक ओळ पाठवली. शपथपत्रांवर 'ॲड.' तुटत होतं. तो ॲ युनिकोडात आला २००८ साली, म्हणजे जुन्या यादीत तो नसणारच. माझ्याकडे वकिलांचं काम कमी, मला हे कधी दिसलंच नसतं.

आणि मोझरीवाला? तो आता त्याच कन्व्हर्टरवर पानामागे पैसे घेतो. घेऊ दे, परवान्यात मोकळीक आहे. त्यानं जोडाक्षरांसाठी काहीतरी नवीन घातलंय, असं ऐकतो. बाजारच्या दिवशी गाठून ती फाइल मागणार आहे.