नदी सुटायची वेळ झाली!

थरारक राईडच हवी असेल तर मुंबई-गोवा हायवे आहेच की! चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली, आणि तेव्हापासून वडखळच्या पुढचा एकेक खड्डा आमच्या ग्रुपला पाठ झालाय. तरीही एका शनिवारी पहाटे साडेचारला उठून आम्ही पाच जण कोलाडला निघालो. निमित्त, कुंडलिका नदीतलं रिव्हर राफ्टिंग.

साजे गावाच्या काठावर पोचलो तर... नदी कुठाय? म्हणजे होती, पण गुडघाभर पाणी, मधेमधे काळे दगड आणि एका दगडावर निवांत उभा बगळा.

"यात बोट घालायची?" मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"थांबा ताई-दादा, पाणी सुटू दे," गाईड म्हणाला. साज्याचाच पोरगा, विशीतला.

कारण कुंडलिका सकाळच्या शिफ्टला येते, बॉस! घाटावर मुळशीचं धरण आहे. तिथलं पाणी खरं तर मुळा नदीचं. त्यानं पूर्वेला वाहत, पुण्यावरून भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. पण ते बोगद्यातून पश्चिमेला वळवून घाटाखाली, सुमारे ५०० मीटर खोल, भिऱ्याच्या वीजघरात आणतात. १९२७ पासून. टर्बाइन फिरवून झाली, वीज मुंबईकडे गेली, की उरलेलं पाणी कुंडलिकेत. शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलेला 'मुळशी सत्याग्रह' आठवतोय? १९२१, सेनापती बापट, जमिनी बुडू नयेत म्हणून उभे राहिलेले मावळे शेतकरी... तेच हे धरण, तेच हे पाणी. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळताना हे आठवलं आणि जरा कसंसंच झालं.

मग आवाज आला. आधी सळसळ, मग चक्क घरघर. बघता बघता दगड गायब, बगळाही गायब!

पहिले दोन रॅपिड्स म्हणजे निव्वळ धम्माल. "फॉरवर्ड! स्टॉप! गेट डाऊन!" आम्ही किंचाळतोय, नाकातोंडात पाणी जातंय. तिसऱ्याला माझं अतिशहाणपण नडलं. मी कॉलेजात स्विमिंगची मेडल्स घेतलेली, त्यामुळे पाय राफ्टच्या कडेत नीट अडकवायची गरज वाटली नाही. एक लाट तिरकी आली आणि मी बाहेर.

पाण्याखाली वर-खाली कळत नाही. पोहायचा प्रयत्न केला, पण हात मारतेय त्याला काही अर्थच नव्हता. पाणी मला नेत होतं, एवढंच. किती वेळ? मैत्रीण म्हणते, सात-आठ सेकंद. मला विचाराल तर मी आईला फोन केला नव्हता, इथपासून सगळं आठवून झालं होतं. डोकं वर आलं तेव्हा गाईडचं ओरडणं ऐकू आलं, "पाय पुढं! पाय वर!" उताणी झाले, पाय प्रवाहाच्या दिशेला केले, म्हणजे दगड आलाच तर डोक्याआधी पायाला लागेल. मग कुणीतरी जॅकेटला धरून मला राफ्टमध्ये मासळीसारखं ओढून टाकलं. ज्या मैत्रिणीला अजिबात पोहता येत नाही, तिनंच!

बारा किलोमीटर संपल्यावर काठावर चहा पीत होतो. हात थरथरत होते. गाईडला म्हटलं, "केवढी ताकद रे या पाण्यात!"

"हे तर मोजून सोडलेलं, ताई," तो म्हणाला. "जुलैत घाटावर कोसळतो ना, तेव्हाचं बघा. ते कुणी सोडत नाय, ते येतं. तेव्हा आम्ही राफ्ट बांधून ठेवतो, आणि घरात सामान वर."

त्याच्यासमोर 'थ्रिल' हा शब्द मग मी काढला नाही.

परतताना लक्षात आलं, डाव्या पायातला फ्लोटर गेलाय. एव्हाना रोहा ओलांडून रेवदंड्याला, अरबी समुद्रात पोचला असेल. उजवा अजून बाल्कनीत आहे. आई रोज टाकून दे म्हणते.